व्हीएचएस कॅसेट संगणकावर घेताना आवाज मागे पडतो, उपाय सुचवा

चौथा_कोपरा
मंडळी, घरात व्हीएचएस कॅसेटींचा गठ्ठा पडून आहे. सगळं घरगुती चित्रण : वाढदिवस, शाळेची गॅदरिंग, सहली, आजोबांच्या गप्पा. व्हीसीआर अजून चालतोय, तो राम म्हणायच्या आत सगळं संगणकावर घ्यायचं ठरवलंय. मांडणी साधी आहे. व्हीसीआरच्या मागून पिवळी-पांढरी-लाल वायर, ती यूएसबीच्या कॅप्चर काडीत, काडी लॅपटॉपला. सॉफ्टवेअर काडीसोबत आलेलंच.

आता रडगाणं.

१. सुरुवातीला सगळं जुळलेलं असतं. पुढे पुढे चित्र पुढे पळतं आणि आवाज मागे राहतो. वाढदिवसाच्या कॅसेटमध्ये फुगा फुटलेला दिसतो, आवाज सावकाश येतो. तासाभराच्या शेवटी तर कोण बोलतंय तेच कळत नाही.
२. चित्राच्या अगदी तळाशी एक चुरचुरणारी पट्टी दिसते. टीव्हीवर ती कधीच दिसली नाही.
३. मधूनच पडदा निळा होतो. एकदोन कॅसेटींना तर सॉफ्टवेअर "हे चित्रण संरक्षित आहे" म्हणून बंदच पडतं. अहो, आमच्या घरचा वाढदिवस आहे तो!

याच कॅसेटी टीव्हीवर लावल्या की आवाज चोख. म्हणजे कॅसेट आणि व्हीसीआर ठीक, लफडं संगणकात, असं माझं मत. लॅपटॉप जुना आहे. नवा घ्यावा लागेल का?

उगाच_शंका
लॅपटॉप घ्यायला निमित्त हवंय असं सरळ लिहा की. कृ. ह. घ्या.

वायरगुंडा
नवा लॅपटॉप अजिबात नको. हे काम पंधरावीस वर्षांपूर्वीचे संगणक बिनबोभाट करत होते. आधी फुकटातल्या गोष्टी तपासा. काडी हबमध्ये लावली असेल तर काढून थेट लॅपटॉपच्या पोर्टमध्ये लावा. रेकॉर्डिंग आतल्या डिस्कवर करा, पेनड्राइव्हवर नको. अँटिव्हायरसचं स्कॅन, अपडेट, ब्राउझरच्या पंचवीस खिडक्या, सगळं बंद. आणि काडीसोबत आलेलं सॉफ्टवेअर सोडून द्या. ते थेट एमपेगमध्ये दाबून ठेवतं आणि फ्रेम गळल्या तरी सांगत नाही. व्हर्चुअलडब वापरा, त्यात ड्रॉप झालेल्या आणि घुसडलेल्या फ्रेमांचे आकडे चालू कॅप्चरमध्ये समोर दिसतात.

पुसट_निळा
ओबीएस वापरा ना. फुकट आहे, सोपं आहे, सगळे तेच वापरतात.

वायरगुंडा
ओबीएस स्ट्रीमिंगला उत्तम. पण त्याचा फ्रेमरेट बहुधा ३० किंवा ६० वर असतो आणि पॅलची (आपल्याकडची टीव्ही पद्धत) कॅसेट २५ ची. शिवाय ते चित्र त्याच्या मोठ्या कॅनव्हासवर ताणतं. सेटिंग बदलून नीट चालवता येतं, पण बदलतो कोण? लोक उघडतात आणि लाल बटण दाबतात.

रीळमास्तर
धागाकर्त्यांचं निरीक्षण बरोबर आहे, निष्कर्षाशी मात्र असहमत. टीव्हीवर नीट दिसतं याचा अर्थ सिग्नल नीट आहे असा होत नाही. टीव्ही सोशीक असतो, कॅप्चर काडी नसते.

व्हीसीआरमध्ये हेडचा ड्रम फिरतो. पॅलमध्ये मिनिटाला १५०० फेरे, म्हणजे सेकंदाला २५. ड्रमवर समोरासमोर दोन व्हिडिओ हेड, प्रत्येक हेड अर्ध्या फेऱ्यात एक फील्ड (चित्राच्या एकाआड एक अशा निम्म्या ओळी) वाचतो, म्हणून सेकंदाला ५० फील्ड आणि २५ फ्रेम. ही झाली कागदावरची गोष्ट. प्रत्यक्षात फीत ताणलेली असते, तिची कड दुमडलेली असते, मोटर किंचित मागेपुढे होते. मग प्रत्येक ओळ आणि प्रत्येक फील्ड ठरल्या क्षणी हजर होतंच असं नाही. टीव्हीचं सर्किट हा डगमगता ठेका पकडून त्याच्या मागोमाग चालतं. शिवाय टीव्हीला काही साठवायचं नसतं. चित्र आत्ता आलं, आवाज आत्ता आला, दोन्ही आत्ता दाखवले. तिथे आवाज मागे पडायला जागाच नाही.

काडीला मात्र प्रत्येक फ्रेम मोजून फाइलीत ठेवायची असते. फ्रेमच्या सुरुवातीचा सिंक पल्स (वेळेची खूण) सापडला नाही की ती फ्रेम टाकून देते. आवाज वेगळ्या वाटेने येतो, तो अखंड चालू राहतो. २५ फ्रेम गळल्या की चित्र बरोबर एक सेकंद आखूड झालं. ते पुढे पळणारच, आणि आवाज मागे राहिल्यासारखा वाटणारच. तुमचा फुगा असा आधी फुटतो.

तेव्हा आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? संगणक बदलण्याआधी फीत आणि व्हीसीआर यांच्याकडे बघा.

दुपारची_चहाटळ
मास्तर, प्रतिसाद आवडला. वाचनखूण साठवली. माझ्याही कॅसेटी कपाटात आहेत, धागा वाचतेय.

आयतोबा
एवढं सगळं कशाला? आवाज शेवटी तीन सेकंद मागे असेल तर ऑडॅसिटीत (आवाज कापायचं-जोडायचं सॉफ्टवेअर) नेऊन आवाजाचा ट्रॅक तीन सेकंदांनी आखूड करा. पाच मिनिटांचं काम. मी तसंच करतो.

रीळमास्तर
@आयतोबा, तुमचा उपाय एका प्रकारच्या बिघाडाला लागू पडतो, दुसऱ्याला नाही. कोणता बिघाड आहे ते आधी ओळखायला हवं.

प्रकार एक : घसरण. चित्राचं घड्याळ आणि आवाजाचं घड्याळ वेगवेगळं असतं. समजा आवाज सेकंदाला ४८००० नमुन्यांऐवजी ४८०१० ने घेतला गेला आणि फाइलीवर शिक्का ४८००० चा लागला. फरक ०.०२ टक्के, पण तासाला पाऊण सेकंद होतो. हा फरक संथपणे, सारख्या उताराने वाढतो. इथे ट्रॅक आखूड केला की सगळीकडे जुळतं.

प्रकार दोन : पायऱ्या. काही मिनिटं सगळं बरोबर, मग एकदम अर्ध्या सेकंदाची उडी, पुन्हा बराच वेळ बरोबर, पुन्हा उडी. हे फ्रेम गळण्याचं लक्षण. इथे पूर्ण ट्रॅक आखूड केलात तर शेवट जुळेल आणि मधलं सगळं बिघडेल. जिथे आधी बरोबर होतं तिथेही.

@चौथा_कोपरा, टाळी, दार आपटणं, चेंडू टप्पा खाणं अशा जागा शोधा, जिथे आवाज आणि चित्र नेमके एका क्षणी हवेत. कॅसेटच्या सुरुवातीला, मध्ये, शेवटी, जमतील तितक्या. प्रत्येक जागी फरक लिहून काढा. आणि एक चाचणी आणखी. त्याच काडीला डीव्हीडी प्लेयर जोडून तासभर कॅप्चर करा. त्यात आवाज जुळलेला राहिला तर लॅपटॉप आणि काडी दोघेही निर्दोष.

उगाच_शंका
डीव्हीडी संरक्षित निघाली तर?

रीळमास्तर
घरी बनवलेली डीव्हीडी घ्या. नाहीतर प्लेयरचा नुसता मेनू चालू ठेवा आणि ड्रॉपचा आकडा बघा. शून्याच्या आसपास राहायला हवा.

बुरा_ना_मानो
अवांतर : बीटामॅक्स १९७५ ला आलं, व्हीएचएस १९७६ ला, आणि तेव्हापासून बीटावाले चित्र आमचं चांगलं होतं म्हणून रडतायत. बीटावाला एक तरी या धाग्यावर येणार यावर माझी पैज.

सोनेरी_रीळ
आलो. चित्र आमचंच चांगलं होतं.

बुरा_ना_मानो
😂😂

सोनेरी_रीळ
हसा. फुनाईने जुलै २०१६ मध्ये व्हीसीआर बनवणं थांबवलं तेव्हा व्हीएचएसवाले पण आमच्याच रांगेत येऊन उभे राहिले. आता उरलेत ते फक्त जुने डेक. त्यातला रबराचा पट्टा आणि पिंच रोलर कडक होतो, हेड झिजतात. म्हणून धागाकर्त्यांना सांगणं, सर्वात महत्त्वाच्या कॅसेटी आधी घ्या. गठ्ठ्यात वरची म्हणून पहिली असं नको.

शुभ्र_तारका
आणि कॅसेट आत घालण्याआधी तिच्या कडेची ती छोटी प्लास्टिकची टिकली तोडलेली आहे ना बघा! नसेल तर तोडा. चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं गेलं तर गेलंच सगळं. हे कुणीच कसं सांगितलं नाही?

वायरगुंडा
+१. हा या धाग्यावरचा सर्वात मोलाचा प्रतिसाद.

चौथा_कोपरा
सर्वांचे आभार. आज बसून मोजलं. डीव्हीडीच्या मेनूवर तासभर कॅप्चर केलं, ड्रॉप शून्य. म्हणजे लॅपटॉप सुटला.

मग वाढदिवसाची कॅसेट व्हर्चुअलडबवर घेतली. मास्तर म्हणाले तसं, पायऱ्या आहेत. पहिली दहाबारा मिनिटं टाळी आणि आवाज एकत्र. मग जिथे कॅमेरा बंद करून परत चालू केलाय तिथे चित्र थरथरतं, क्षणभर निळं होतं आणि ड्रॉपचा आकडा एकदम वर जातो. त्यानंतर आवाज मागे. पुढच्या जोडापर्यंत तेवढाच मागे राहतो, तिथे परत उडी. प्रत्येक जोडाला हेच.

रीळमास्तर
झालं तर मग, रोग सापडला. घरगुती कॅमेऱ्याने चित्रण थांबवून पुन्हा सुरू केलं की त्या सांध्यावर सिंकचा ठेका तुटतो. त्यात तुमचा व्हीसीआर कमजोर सिग्नल दिसला की स्वतःचा निळा पडदा दाखवतो. त्या क्षणी सिंक फितीवरून व्हीसीआरच्या आतल्या सर्किटवर जातो आणि चित्र परत आलं की पुन्हा फितीवर. काडीला दोनदा ठेचकाळायला लावायचं. व्हीसीआरच्या मेनूत ब्लू बॅक किंवा तशा नावाची सोय असेल, ती आधी बंद करा. मग निळ्याऐवजी मुंग्या दिसतील. मुंग्या चालतील.

"संरक्षित आहे" हा संदेशही याच घराण्यातला. विकत मिळणाऱ्या कॅसेटींवर मॅक्रोव्हिजन असायचं. ते चित्राच्या वर, न दिसणाऱ्या ओळींमध्ये जादा पल्स घालतं. झिजलेल्या फितीवरचा तिथला कचरा काडीच्या चिपला तसाच वाटतो.

शुभ्र_तारका
हेड साफ केलेत का पण? मुंग्या, आडव्या रेघा, सिंक जाणं, यातलं बरंचसं घाणेरड्या हेडमुळेही होतं.

चौथा_कोपरा
क्लीनिंग कॅसेट आहे, ती चालवू का?

शुभ्र_तारका
कोरडी क्लीनिंग कॅसेट म्हणजे बारीक पॉलिश पेपरच, हेड घासते. क्वचित ठीक, सवय नको. मी हाताने करते, पद्धत सांगते.

प्लग काढून ठेवायचा. वरचं झाकण उघडलं की तिरपा बसवलेला चकचकीत ड्रम दिसतो. न पिंजणारा जाड कागद किंवा शामोइस कातड्याचा तुकडा ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये ओला करायचा, टपकणारा नाही. तो ड्रमच्या बाजूला हलका टेकवून स्थिर धरायचा आणि दुसऱ्या हाताने ड्रम वरून धरून सावकाश फिरवायचा. कागद हलवायचा नाही, ड्रम फिरवायचा. ड्रमच्या कडेला खाचेत केसाएवढी टोकं दिसतील, तेच हेड. त्यावरून कागद वर-खाली नेलात तर टोक तुटतं आणि व्हीसीआर भंगारात जातो. कानातल्या काडीचा कापूस तर हेडला अजिबात नाही, धागा अडकतो. ती काडी पिंच रोलर आणि खांबांसाठी ठेवा. कागद काळा-तपकिरी व्हायचा थांबला की बास. पूर्ण वाळू द्यायचं, मगच कॅसेट.

दुपारची_चहाटळ
बापरे. मी हे करणार नाही. पण वाचायला मजा आली.

एकदाचं_टाका
मी तर म्हणतो हे सगळं सोडा आणि व्यावसायिकाला द्या. त्यांची यंत्रं चांगली असतात, तुमचा वेळ वाचतो.

मऊ_कोळसा
आमच्या कॅसेटी एका ठिकाणी दिल्या होत्या, नाव नको. परत आलं ते एवढं दाबलेलं की चेहऱ्यांचे चौकोन. तळाची पट्टी तशीच, आणि ४:३ चं चित्र ताणून १६:९ केलेलं. सगळं खानदान एका रात्रीत जाडं झालं.

एकदाचं_टाका
अशी ठिकाणं असतात तशी चांगलीही असतात. डेकची देखभाल, महागडे टीबीसी हे घरी परवडत नाहीत.

वायरगुंडा
दोघांचंही बरोबर. द्यायचं असेल तर आधी विचारून घ्या : टीबीसी वापरता का, मूळ इंटरलेस्ड (दोन्ही फील्ड वेगळी ठेवलेली) फाइल देता का, कोणत्या कोडेकमध्ये (फाइल दाबायच्या पद्धतीत). समोरच्याला प्रश्नच कळला नाही तर कॅसेटी उचलून परत या.

पुसट_निळा
टीबीसी म्हणजे?

वायरगुंडा
टाइम बेस करेक्टर. व्हीसीआर आणि काडीच्या मध्ये बसतो. वाकडातिकडा सिग्नल घेऊन मेमरीत ठेवतो आणि ठरल्या वेळेला सरळ करून सोडतो. दोन जातींचा असतो. लाइन टीबीसी प्रत्येक ओळ सरळ करतो, उभ्या दाराची चौकट लाटांसारखी हलते ती थांबते. फ्रेम टीबीसी पूर्ण फ्रेम धरून नवा सिंक देतो, त्याने ड्रॉप थांबतात. धागाकर्त्यांना दुसरा हवा. पण वेगळं यंत्र दुर्मिळ झालंय.

गरिबाचा उपाय : काही जुने डीव्हीडी रेकॉर्डर हे काम बऱ्यापैकी करतात. पॅनासॉनिकचे ईएस१० आणि ईएस१५ त्यासाठी प्रसिद्ध आहेत. डीव्हीडीवर रेकॉर्ड करायचं नाही. व्हीसीआरची वायर रेकॉर्डरच्या इनपुटला, रेकॉर्डरच्या आउटपुटची वायर काडीला. सिग्नल नुसता त्यातून जाऊ द्यायचा. रेकॉर्डर फक्त टीबीसी म्हणून बसवायचा.

सोनेरी_रीळ
अॅनालॉग इनपुट असलेला मिनीडीव्ही किंवा डिजिटल८ कॅमेरा पण चालतो. व्हीसीआर कॅमेऱ्याला, कॅमेरा फायरवायरने (जुनी डिजिटल वायर) संगणकाला. डीव्हीमध्ये आवाज आणि चित्र एकाच प्रवाहात बांधलेले येतात, तासाला सुमारे १३ जीबी. फक्त फायरवायर पोर्टवाला संगणक शोधा.

उगाच_शंका
म्हणजे नवा लॅपटॉप नको, जुना घ्या. 😀

गच्चीवरचा_अँटेना
या सगळ्याच्या वरचा उपाय म्हणजे व्हीएचएस-डीकोड. व्हीसीआरच्या हेडवरून येणारा कच्चा रेडिओ सिग्नल थेट टिपायचा आणि बाकी सगळं, टीबीसीसकट, सॉफ्टवेअरमध्ये. व्हीसीआरच्या आतली अर्धी इलेक्ट्रॉनिक्स बाजूलाच.

शुभ्र_तारका
आणि त्यासाठी व्हीसीआर उघडून बोर्डावरच्या टेस्ट पॉइंटला वायर सोल्डर करायची, हेही सांगा की.

गच्चीवरचा_अँटेना
हो, तेवढं करावं लागतं. आणि फाइली भल्यामोठ्या होतात. आणि डीकोड व्हायला वेळ लागतो. पण निकाल बघाच.

वायरगुंडा
अहो, त्यांना अजून ब्लू बॅक बंद करायचंय.

धुकट_काच
माझा प्रश्न वेगळा आहे. काही कॅसेटींच्या खिडकीतून फितीच्या गुंडाळीवर पांढरे ठिपके दिसतात, बुरशी असावी. लावून बघू का?

शुभ्र_तारका
नको नको नको. ती फीत ड्रमवरून गेली की बुरशी हेडला, आणि पुढच्या प्रत्येक चांगल्या कॅसेटला. वेगळी ठेवा. कोरड्या जागी राहू द्या, उघडायची असेल तर मास्क लावून आणि मोकळ्या हवेत. साफ करायची तर त्यासाठी वेगळा, बळी द्यायचा व्हीसीआर ठेवतात. एकुलत्या एका व्हीसीआरमध्ये नाही म्हणजे नाही.

आणि चांगल्या कॅसेटीसुद्धा वर्षानुवर्षं पडून असतील तर आधी एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे गुंडाळा, मग चालवा. १८० मिनिटांच्या कॅसेटमध्ये अडीचशे मीटरच्या वर फीत असते, ती कुठे कुठे चिकटलेली किंवा सैल असते.

आयतोबा
तुटली तर सेलोटेप?

शुभ्र_तारका
सेलोटेपचा चिकटा ड्रमवर बसतो. स्प्लायसिंग टेप मिळते तीच, आणि तीही फितीच्या मागच्या बाजूने.

चौथा_कोपरा
ताजी खबर. ब्लू बॅक बंद केलं, हेड ओळखीच्या तंत्रज्ञाकडून साफ करून घेतले. सांध्यावरचे ड्रॉप निम्म्यावर आले, थांबले मात्र नाहीत. मग मावसभावाकडे माळ्यावर पडलेला डीव्हीडी रेकॉर्डर मिळाला (कंपनी वेगळी, ईएस१० नाही) आणि तो मध्ये लावला. आता वाढदिवसाची अख्खी कॅसेट घेतली तरी ड्रॉपचा आकडा एका हाताच्या बोटांवर मावतो. फुगा आवाजासकट फुटतो! "संरक्षित" हा संदेशही परत आला नाही.

दोन शंका मात्र राहिल्या. तळाची पट्टी अजून आहे. आणि हलणाऱ्या माणसांच्या कडांना कंगव्यासारखे दाते दिसतात, ते टीव्हीवर नव्हते.

रीळमास्तर
अभिनंदन. तळाची पट्टी हा बिघाड नाही. एक हेड वाचणं थांबवून दुसरा सुरू करतो तो क्षण तिथे दिसतो. जुना टीव्ही चित्राच्या कडा चौकटीमागे लपवायचा, म्हणून तो कुणी पाहिला नाही. मूळ फाइलीत राहू द्या, बघायच्या प्रतीत तेवढ्या ओळींवर काळी पट्टी टाका. कापून पुन्हा ताणू नका.

कंगवा म्हणजे इंटरलेसिंग. एका फ्रेममध्ये दोन फील्ड असतात, दोघांत १/५० सेकंदाचं अंतर. माणूस तेवढ्यात सरकलेला असतो.

पुसट_निळा
म्हणजे कॅप्चर करतानाच डीइंटरलेस (हे दाते घालवणं) टिक करायचं. सोपं.

रीळमास्तर
कॅप्चर करताना कधीच नाही. एकदा दोन फील्डांचं पीठ झालं की परत वेगळी होत नाहीत. मूळ प्रत इंटरलेस्डच, ७२० बाय ५७६, हफीयूव्हीसारख्या बिनतोट्याच्या कोडेकमध्ये ठेवा. काहीच न दाबता ठेवलं तर तासाला जवळपास ७५ जीबी लागतात, हफीयूव्हीत साधारण निम्मे. नंतर क्यूटीजीएमसी किंवा बीडब्ल्यूडीआयएफ हे डीइंटरलेसचे फिल्टर वापरून बघायची प्रत वेगळी बनवा, आणि ती २५ ची नाही, ५० फ्रेमची. प्रत्येक फील्डची एक फ्रेम झाली की हालचाल टीव्हीवर होती तशी गुळगुळीत दिसते.

पुसट_निळा
२५ ने काय बिघडतं? सिनेमा २४ चाच असतो.

रीळमास्तर
सिनेमा २४ ने टिपलेला असतो. तुमच्या कॅमेऱ्याने सेकंदाला ५० वेळा टिपलंय, त्यातलं निम्मं फेकायचं कारण मला समजत नाही.

पुसट_निळा
मला फरक दिसत नाही, प्रामाणिकपणे सांगतो.

वायरगुंडा
धावणाऱ्या पोराचा तुकडा दोन्ही प्रकारे बनवून शेजारी लावा. आणि बनवताना फील्डचा क्रम बघा. बहुतेक काड्या वरचं फील्ड आधी देतात, डीव्ही खालचं आधी. उलटं पडलं तर पोरगं एक पाऊल पुढे, अर्धं मागे असं धावतं. तो विनोदी प्रकार एकदा बघण्यासारखा असतो.

मऊ_कोळसा
आणि आकार! ७२० बाय ५७६ तसंच यूट्यूबवर चढवलं की माणसं बारीक दिसतात. बघायची प्रत ७६८ बाय ५७६ करा.

दुपारची_चहाटळ
बारीक दिसतात तर राहू द्या की. 😛

आडवी_रेघ
उशिरा आलो, मूळ प्रश्नावर एक भर घालतो. आमच्याकडे पायऱ्या नव्हत्या, सरळ घसरण होती, आणि ड्रॉप शून्य. कारण असं की चित्र काडीतून येत होतं, पण काडीचा आवाजाचा भाग मेलेला म्हणून आवाज लॅपटॉपच्या लाइन-इनमध्ये घातला होता. म्हणजे दोन वेगळी यंत्रं, दोन घड्याळं. मास्तरांनी वर लिहिलेला प्रकार एक. दुसरी काडी घेतली, आवाज-चित्र दोन्ही तिच्यातूनच घेतलं, घसरण गेली. ज्यांना ड्रॉप दिसत नाहीत तरी आवाज सरकतो त्यांनी आवाज कुठून येतोय ते बघा.

आयतोबा
बघा, म्हणजे माझी ऑडॅसिटी इथे चालली असती!

आडवी_रेघ
चालली असती. पहिल्या काही कॅसेटी तशाच दुरुस्त केल्यात.

धुकट_काच
माझ्याकडे चित्र येतं पण आवाज अजिबात नाही. वायर बदलून पाहिली. विंडोज ११.

वायरगुंडा
सेटिंग्जमध्ये प्रायव्हसीखाली मायक्रोफोनची परवानगी बघा, डेस्कटॉप अॅप्सची सुद्धा. काडीचा आवाज विंडोजच्या लेखी मायक्रोफोनच आहे. परवानगी बंद असेल तर शांतता.

धुकट_काच
आला आवाज! पण आता मागे सतत "घूंऽऽ" अशी घरघर आहे. शिवाय एका कॅसेटला मधूनमधून फडफड पण.

शुभ्र_तारका
दोन वेगळे आजार. घरघर सतत असेल तर अर्थिंगचा फेरा असण्याची शक्यता जास्त : लॅपटॉपचा चार्जर काढा, बॅटरीवर चालवा. थांबली तर कॅप्चर बॅटरीवरच करत जा, आणि कॅसेट मोठी असेल तर दोन भागांत घ्या.

फडफड मधूनमधून असेल तर तो हाय-फाय आवाज आहे. तो फिरत्या ड्रमवरचे हेड वाचतात, त्यामुळे ट्रॅकिंग हललं की तोही फडफडतो. ऑटो ट्रॅकिंग बंद करून बटणाने हळूहळू सरकवा, हेडफोनवर ऐकत. तरी नाही गेला तर व्हीसीआरवर आवाज हाय-फायवरून नॉर्मलला घ्या. तो फितीच्या कडेच्या वेगळ्या ट्रॅकवर असतो. थोडा दबका आणि मोनो, पण फडफड नाही. मी अशा कॅसेटी दोन्ही प्रकारे घेते आणि फडफडणाऱ्या तुकड्यांपुरता मोनो जोडते.